अयस्कान्ताचा गळ

नाशिकच्या गोदाघाटावर बुधवारच्या बाजारातून वाट काढत रामकुंडाच्या खालच्या अंगाला गेले की पाण्याच्या कडेला उकिडवी बसलेली मुले दिसतात. हातात नायलॉनची दोरी आणि दोरीच्या टोकाला जुन्या स्पीकरमधून काढलेले, कड्याच्या आकाराचे काळे लोहचुंबक. दोरी एकदा डोक्यावरून फिरवायची, चुंबक पाण्यात भिरकवायचे, ते तळाला टेकले की सावकाश ओढून घ्यायचे. वर येताना त्याला चिकटलेले असते ते खरवडून पायरीवर ठेवायचे आणि पुन्हा फेकायचे. भाविकांनी गोदामाईला वाहिलेली नाणी असा दुसरा प्रवास सुरू करतात.

विद्यार्थ्यांची सहल घेऊन गेलेलो आम्ही दोघे प्राध्यापक या मुलांपाशी बराच वेळ रेंगाळलो. दहा-अकरा वर्षांच्या एका मुलाने आम्हांला धातुशास्त्राचा पाठ दिला. "पाचाचं पिवळं चिकटत नाही, सर. एकाचं येतं, दोनाचं येतं. पिवळ्यासाठी बुडी मारावी लागती." त्याच्या ढिगाऱ्यात नाण्यांखेरीज खिळे, सायकलच्या साखळीचा तुकडा, बाटल्यांची बुचे आणि एक वाकडी, गंजाने फुगलेली लोखंडी पट्टी होती. पट्टीला तीन भोके होती. आमच्यापैकी एकाचे बालपण खेड्यात गेलेले. त्याने ती चटकन ओळखली. बैलाच्या खुराला ठोकतात ती पत्री. आम्ही ती वीस रुपयांना मागितली. भंगारवाला एवढे कधीच देणार नाही, हे ठाऊक असल्याने मुलाला हसू आवरेना. कुठे सापडली, असे आम्ही विचारले. "तिकडं," तो हात करून म्हणाला. आम्ही पाकिटातले सुटे शोधत होतो.

गेल्या दोन दशकांत युरोपात याच कृतीचा रीतसर छंद झाला आहे. इंग्लंड, नेदरलँड्स, बेल्जियम, जर्मनी येथल्या कालव्यांच्या काठी सुटीच्या दिवशी माणसे दोर आणि चुंबक घेऊन उभी असतात. सायकली, तिजोऱ्या, किल्ल्या, क्वचित तलवार किंवा बाँबगोळा वर काढतात. त्याला 'मॅग्नेट फिशिंग' म्हणतात. 'चुंबकी मासेमारी' असा शब्दशः अनुवाद केला तर आपला वाचक बिचारे मासे शोधत बसेल. आपल्याकडे मात्र विहिरीत पडलेली बादली किंवा घागर काढायला अनेक आकड्यांचा लोखंडी गळ असे. वाड्यात एकाकडे तो असला की सारी आळी मागून नेई. या छंदाचे खरे नाते मासेमारीपेक्षा त्या गळाशी आहे. म्हणून आम्ही त्याला अयस्कान्ताचा गळ म्हणणार आहोत.

'अयस्कान्त' म्हणजे लोखंडाचा प्रियकर. 'चुंबक' हा शब्द तर सरळ चुंबनाच्या धातूवरून आला. व्याकरणातला धातू बरे का. आपल्या पूर्वजांना या दगडात ओढ दिसली, प्रीती दिसली. कालिदासाने 'कुमारसंभवा'च्या दुसऱ्या सर्गात ब्रह्मदेवाच्या तोंडी हीच उपमा घातली आहे: संयमाने निश्चल झालेले शिवाचे मन उमेच्या रूपाने ओढून घ्यायचे, ते अयस्कान्ताने लोखंड ओढावे तसे. परिसाची गोष्ट आपल्या वाङ्मयात फार गाजली, कारण परीस लोखंडाचे सोने करतो. अयस्कान्त लोखंडाला लोखंडच राहू देतो. कदाचित म्हणूनच तो कवींपेक्षा वैद्यांच्या अधिक उपयोगी पडला.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात शरीरात रुतलेले शल्य बाहेर काढण्याचे पंधरा उपाय सांगितले आहेत. त्यांत अयस्कान्त आहे. पण त्याला अटी आहेत. शल्य सरळ शिरलेले असावे, कुठे अडकून बसलेले नसावे, त्याला मागे वळलेले कान नसावेत आणि जखमेचे तोंड पुरेसे रुंद असावे. या चारही अटी नदीच्या तळाला जशाच्या तशा लागू पडतात. गाळात सैल पडलेली वस्तू चुंबकाबरोबर येते. मुळ्यांत, दगडांत, दुसऱ्या लोखंडात गुंतलेली वस्तू येत नाही. उलट चुंबकच तिथे अडकून राहते. छंदाच्या प्रारंभी नवख्यांची पहिली हानी होते ती अशी. पुलाच्या लोखंडी खांबाला चुंबक चिकटले की दोर तुटेल, पण ते सुटणार नाही. सुश्रुत वाचला असता तर दोर वाचला असता, असे म्हणायचा मोह होतो. असो.

मग हा छंद इतका उशिरा का जन्मला? नैसर्गिक चुंबकाची ताकद तुटपुंजी; सुई उचलावी, होकायंत्र चालवावे, एवढीच. विसाव्या शतकात जपानने या बाबतीत मोठीच मजल मारली. कोतारो होंडा यांनी १९१७ मध्ये कोबाल्टयुक्त पोलादाचे चुंबक केले. तोकुशिची मिशिमा यांनी १९३१ मध्ये निकेल आणि ॲल्युमिनिअम घातलेले मिश्रण शोधले. पुढे फेराइट आले, ते स्वस्त म्हणून स्पीकरात बसले आणि तिथून आमच्या गोदाघाटावर पोचले. १९६० च्या दशकात समेरिअम आणि कोबाल्ट यांचे प्रबळ चुंबक तयार झाले. १९७८ मध्ये झाईरच्या, म्हणजे आजच्या काँगो लोकशाही प्रजासत्ताकाच्या, शाबा प्रांतात लढाई पेटली. जगाचा बराचसा कोबाल्ट तिथून येत असल्याने त्याचे भाव कडाडले आणि कोबाल्टावाचून चुंबक कसे करता येईल याचा शोध सुरू झाला. १९८३ च्या नोव्हेंबरात अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या परिषदेत जपानच्या सुमितोमो कंपनीचे मासातो सागावा आणि अमेरिकेच्या जनरल मोटर्सचे जॉन क्रोट यांनी एकमेकांशी संबंध नसताना एकच उत्तर मांडले: निओडिमिअम, लोह आणि बोरॉन. आफ्रिकेतल्या एका लढाईचा परिणाम म्हणून युरोपातल्या कालव्यांमधून गंजक्या सायकली निघू लागल्या, असे म्हटले तर इतिहासाचे प्राध्यापक रागावतील. पण ते पूर्णतः खोटेही नाही.

आता तळहातावर मावेल एवढे निओडिमिअमचे चुंबक काहीशे किलो भार पेलते, असा आकडा विक्रेते छापतात. आकडा खोटा नसतो, पण तो जाड, सपाट, स्वच्छ पोलादी पाटावर सरळ ओढून मोजलेला असतो. पाण्याखाली वस्तू वाकडी असते, तिच्यावर गंजाचा आणि गाळाचा थर असतो. चुंबक आणि लोखंड यांच्यात अंतर पडले की ओढ झपाट्याने क्षीण होते. त्यामुळे छापील ताकदीचा लहानसा अंशच हाती लागतो. मोठ्या आकड्याला भुलून पहिल्याच दिवशी सर्वांत दांडगे चुंबक घेणाऱ्याला ते पुलाच्या खांबावरून सोडवताना त्याची किंमत कळते. सुरुवात मध्यम चुंबकाने करावी हे बरे.

पण या गळाची परंपरा चुंबकापेक्षा जुनी आहे, आणि आमच्या मते या छंदाचा सारा पेच त्या जुन्या परंपरेत दडला आहे. १८५३-५४ च्या हिवाळ्यात स्वित्झर्लंडमधल्या झुरिक सरोवराचे पाणी विलक्षण खाली गेले आणि ओबरमायलन गावापाशी चिखलात रोवलेले प्राचीन खुंट उघडे पडले. फर्डिनांड केलर यांनी १८५४ मध्ये त्यांविषयी लिहिले, तशी सगळ्या देशाला सरोवरे चाळण्याची लहर आली. नावेतून लांब दांड्याचे चिमटे आणि जाळ्या पाण्यात सोडून माणसे पुराणवस्तू 'पकडू' लागली. संग्राहक पैसे देत, कोळी वस्तू आणून देत.

कर्नल फ्रीडरिश श्वाब हे असे एक संग्राहक. त्यांच्यासाठी काम करणारा हान्स्ली कोप नावाचा माणूस १८५७ च्या नोव्हेंबरात न्यूशातेल सरोवराच्या उत्तर टोकाला गेला. तिथल्या जागेला स्थानिक बोलीत 'ला तेन' म्हणत; अर्थ उथळ पाणी. दुष्काळाने पाणी आणखीच उथळ झालेले. चिमट्याने तळ चाचपडत कोपने लोखंडाची सुमारे चाळीस शस्त्रे वर काढली. ती साधी नव्हती. पुढे जे काही तिथे सापडले ते इतके लक्षणीय ठरले की १८७० च्या दशकात स्वीडिश अभ्यासक हान्स हिल्डेब्रांट यांनी युरोपच्या लोहयुगाच्या उत्तरार्धाला याच जागेचे नाव दिले. आज आल्प्सपासून ब्रिटनपर्यंतच्या संग्रहालयांतल्या पाट्यांवर 'ला तेन काळ' असे लिहिलेले असते, त्याच्या मुळाशी उथळ पाण्यात चिमटा घालणारा एक कोळी आहे.

दीडशेहून अधिक तलवारी, भाले, ढाली, वस्त्राला लावायचे आकडे, अवजारे, माणसांची हाडे, लाकडी पुलाचे खांब हे सगळे तिथे मिळाले. कित्येक तलवारी म्यानातच होत्या आणि अनेकींवर वापराची खूण नव्हती. मग ही जागा होती तरी काय? देवतेला शस्त्रे अर्पण करण्याचे ठिकाण? लढाईत कोसळलेला पूल? पुरात सापडलेली वस्ती? जकातनाका, व्यापारी पेठ? या सगळ्या कल्पना मांडल्या गेल्या आहेत. जलदेवतेला वाहिलेल्या वस्तूंच्या बाजूने आज पुष्कळ अभ्यासक झुकतात, तरी वाद मिटलेला नाही. तो मिटत नाही याचे एक मोठे कारण असे की पहिल्या कित्येक वर्षांत वस्तू निघाल्या, पण त्या कुठून निघाल्या, कशाशेजारी होत्या, कोणत्या थरात होत्या, याची नोंद झाली नाही. तलवार आणि खांब यांच्यात किती हातांचे अंतर होते? माणसाचे हाड शस्त्राजवळ होते की दूर? कोपला हे कोणी विचारले नाही, आणि विचारण्याचे त्याला कारणही नव्हते. त्याला पैसे मिळत ते वस्तूचे.

१८६८ नंतर सरकारने सरोवरांची पातळी मुद्दाम दोन मीटरहून अधिक खाली आणली. ला तेन कोरडे पडले. आता चिमट्याऐवजी फावडे चालू लागले. विसाव्या शतकाच्या आरंभी, १९०७ पासून दहा वर्षे, नकाशे काढून शिस्तीने उत्खनन झाले. पण तोवर त्या जागेचे कितीतरी पुरावे वेगवेगळ्या संग्रहांत, वेगवेगळ्या शहरांत विखुरले होते. साहित्याच्या विद्यार्थ्याला समजावे म्हणून असे म्हणू: एखाद्या पोथीतले सर्वांत सुंदर शब्द कात्रीने कापून डबीत ठेवले आणि पोथी वाहून गेली. शब्द आहेत. वाक्य नाही.

वेल्समधल्या अँगलसी बेटावरची गोष्ट याहून चटका लावणारी आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४२-४३ च्या सुमारास, तिथे विमानतळासाठी ह्लिन केरिग बाख नावाच्या तळ्याकाठचे दलदलीचे शेवाळमाती खणत होते. चिखलातून एक मजबूत लोखंडी साखळी निघाली. मालमोटारी चिखलात रुतत होत्या. मजुरांनी ती साखळी लावून मोटारी ओढल्या, आणि साखळीने ते काम निभावले. पुढे कळले की ती सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची असून माणसांना गळ्यांत कड्या घालून एका रांगेत जखडण्याची होती. सर सिरिल फॉक्स यांनी १९४६ मध्ये या सापडलेल्या वस्तूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. कोणाच्या मानेभोवती ती होती, त्यांची नावे अर्थातच कुठे नाहीत.

युरोपात एका बाजूला पाण्यातले लोखंड संग्राहकाच्या दिवाणखान्यात जात होते, तेव्हा दुसऱ्या बाजूला ते पोटासाठीही उचलले जात होते. हेन्री मेह्यू या पत्रकाराने १८५१ च्या सुमारास लंडनच्या गरिबांवर लिहिले, त्यात थेम्सच्या चिखलात वावरणाऱ्या 'मडलार्क' लोकांचे प्रकरण आहे. ओहोटी लागली की लहान मुले आणि म्हाताऱ्या बायका गुडघाभर चिखलात उतरत, गलबतांतून पडलेला कोळसा, दोराचे तुकडे, हाडे, लोखंड, तांब्याचे खिळे वेचत. भाव मेह्यूने नोंदवले आहेत: पाच पौंड लोखंडाला एक पेनी, तर एका पौंड तांब्याच्या खिळ्यांना चार पेन्स. म्हणजे तांबे लोखंडाच्या वीसपट. एका पोराला चिखलात खिळा पायात शिरला, तरी जखम बांधून तो लगेच परत आला. कारण भरती येण्यापूर्वी काही मिळाले नाही, तर पुढच्या ओहोटीपर्यंत उपाशी राहावे लागे. या पोराला हौस म्हणजे काय हे कोणी सांगितले असते, तर त्याला ते कळलेच नसते.

आज थेम्सकाठी चिखल चाळणे हा प्रतिष्ठेचा छंद आहे, त्याला बंदर-प्राधिकरणाचा परवाना लागतो, आणि पुस्तके त्यावर खपतात. कृती तीच. फरक एवढाच की रिकाम्या हाताने घरी गेले तरी रात्री जेवण मिळते. गोदाघाटावरचा मुलगा या दोहोंच्या मधोमध उभा आहे. फेकताना तो हसत होता, मित्रांशी पैज लावत होता. पण संध्याकाळी नाणी मोजून तो कोणाच्या तरी हाती ठेवणार होता. त्याला 'छांदिष्ट' म्हणायला आमची जीभ धजावत नाही, आणि 'बालमजूर' म्हणून मोकळे होणेही जरा सोपेच वाटते.

त्याच्या 'पिवळं चिकटत नाही' या वाक्याकडे पुन्हा वळायला हवे, कारण चुंबकाच्या इतिहासदृष्टीचे मर्म त्यात आहे. लोहचुंबकाला लोखंड, पोलाद, निकेल आणि कोबाल्ट दिसतात. सोने, चांदी, तांबे, कासे, पितळ, शिसे दिसत नाहीत. आपल्या नाण्यांपुरते बोलायचे तर १९४६-४७ पासूनची निकेलची नाणी त्याला दिसतात. पुढे तांबे-निकेल मिश्रणाची नाणी आली, ती दिसेनाशी झाली. १९८८ पासून दहा, पंचवीस आणि पन्नास पैसे, आणि १९९२ पासून रुपया, गंजरोधक पोलादाचे निघू लागले, तसे ते पुन्हा त्याच्या दृष्टीत आले. पाचाचे पितळी नाणे त्याच्या डोळ्यांदेखत निसटते. त्यापूर्वीचे विचारूच नका. सातवाहनांची शिशाची आणि तांब्याची नाणी, शिवकाळातला सोन्याचा होन, तांब्याची शिवराई, इंग्रजी अमलातला चांदीचा रुपया, या कोणाचेही अस्तित्व चुंबकाला मान्य नाही. गोदावरीचा इतिहास त्या दोरीच्या टोकाने लिहिला, तर प्रतिष्ठानचे राज्य झालेच नाही असे निघेल. आणि बैलगाडी, सायकल व सोडावॉटरचे बूच हे मात्र पुराव्यानिशी सिद्ध होईल.

थेम्समधून १८५७ मध्येच, म्हणजे कोप सरोवर चाचपडत होता त्याच वर्षी, चेल्सीच्या पुलाचे काम चालू असताना बॅटरसीची सुप्रसिद्ध ढाल वर आली. ती काशाची आहे. आजच्या काळातले सर्वांत बलवान चुंबक तिच्यावरून शंभरदा फिरले असते तरी तिने हूं की चूं केले नसते.

कायद्याची नजर मात्र नेमकी उलटी होती. ब्रिटनच्या १९९६ च्या कायद्यात 'निधी' म्हणजे प्रामुख्याने सोने-चांदी. एकट्या सापडलेल्या वस्तूत किमान दहा टक्के सोने किंवा चांदी हवी आणि ती तीनशे वर्षांची हवी. क्रॉसबी गॅरेट येथे २०१० मध्ये सापडलेले अप्रतिम रोमन शिरस्त्राण तांब्याच्या मिश्रधातूचे होते, म्हणून ते निधी ठरले नाही आणि लिलावात खासगी हातांत गेले. २०२३ मध्ये व्याख्या बदलली. दोनशे वर्षांहून जुनी, असाधारण महत्त्वाची धातूची वस्तू आता तिच्यात बसते, मग धातू कोणताही असो. एकट्या सापडलेल्या लोखंडी वस्तूला कायद्याच्या दृष्टीने मोल यायला असा २०२३ उजाडावा लागला. आपला १८७८ चा निधिकायदा याबाबतीत गमतीदार आहे. जमिनीत दडलेली कोणतीही मोलाची वस्तू, किंमत दहा रुपयांहून अधिक असेल तर, कलेक्टरला कळवावी असे तो सांगतो. दहा रुपये तेव्हाचे! शिवाय १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुन्या वस्तूला पुरावस्तूचा दर्जा मिळतो. त्यामुळे हा छंद आपल्याकडे आरंभू पाहणाऱ्याने किल्ल्यांची तळी, मंदिरांच्या पुष्करिणी, संरक्षित स्मारकांचे खंदक यांकडे गळ घेऊन जाऊ नये, हे उघड आहे. इंग्लंडमध्येही कालव्यांची देखभाल करणारा मुख्य न्यास या छंदाला आपल्या कालव्यांवर परवानगी देत नाही, आणि फ्रान्समध्ये आधी परवाना घ्यावा लागतो. जिच्या ताब्यात पाणी आहे, त्या व्यक्तीला किंवा संस्थेला विचारणे ही पहिली पायरी. स्वतःच्या किंवा स्नेह्याच्या शेतातली विहीर यासाठी उत्तम. तिथे पूर्वजांच्या बादल्याही भेटतात.

बाकी साहित्य थोडके आहे. आठ-दहा मिलिमीटर जाडीचा, न ताणणारा, वीसेक मीटर दोर. चुंबकाच्या मधोमध पेचाने बसवलेली कडी ओढताना फिरून सैल होते, तेव्हा पेच पक्का करणारा डिंक त्यात घालावा. दोराचे दुसरे टोक झाडाला बांधावे, स्वतःच्या मनगटाला कदापि नाही. हातमोजे जाड हवेत, आणि धनुर्वाताची लस घेतलेली हवी. दोन चुंबके एकमेकांवर आपटली की मधले बोट चेंदामेंदा होते, ही अतिशयोक्ती नव्हे. हृदयात पेसमेकर असलेल्या माणसाने या वाटेला जाऊच नये. साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो, हे महाराष्ट्रातल्या वाचकाला वेगळे सांगायला नको. युरोपात महायुद्धांतले न फुटलेले बाँबगोळे आजही निघतात. संशयास्पद काही वर आले तर दोर खाली ठेवून दूर जायचे आणि पोलिसांना कळवायचे. धुवून बघायचे नाही.

आणि एक वही. तिच्यात जागा, तारीख, काठापासूनचे अंतर, अंदाजे खोली, तळाशी वाळू होती की गाळ, शेजारी आणखी काय लागले, हे लिहावे. शक्य तर लगेच छायाचित्र घ्यावे. कोपच्या वेळी ही वही नव्हती, म्हणून ला तेनवर अजून वाद चालू आहे.

त्याहून एक बारीक गोष्ट राहते, आणि ती आम्ही अनुभवाने शिकलो. गाळात प्राणवायू पोचत नाही, म्हणून लोखंड तिथे शतकानुशतके तग धरते. वर आले की ते मरू लागते. पाण्यातले क्षार त्याच्या गंजात मुरलेले असतात. वस्तू वाळली की ते आतून काम करू लागतात आणि पापुद्रे सुटतात. जाणकार अशी वस्तू वाळू देत नाहीत. ती ओलीच ठेवतात आणि अल्कलीच्या द्रावणात महिनोन्महिने बुडवून क्षार काढून टाकतात. गोदाघाटावरची पत्री आम्ही घरी आणून छान पुसली, दोन दिवस उन्हात वाळवली आणि विभागाच्या कपाटात, काचेच्या दाराआड, प्लॅस्टिकच्या डबीत ठेवली. पहिल्या वर्षाचे विद्यार्थी ती पाहून जात. पावसाळ्यात तिच्या कडेला तांबूस थेंब धरले. दिवाळीच्या सुटीनंतर डबी उघडली तेव्हा तिचे तीन तुकडे झाले होते आणि तळाशी विटकरी भुगा होता. त्या तिन्ही भोकांपैकी एकच आता पूर्ण आहे.

डबीवरच्या चिठ्ठीत आमच्या अक्षरात लिहिले आहे: 'बैलाची पत्री. गोदावरी, नाशिक.' घाटाची कोणती पायरी, काठापासून किती हात, वाळूत की दगडांच्या फटीत, यांतले काहीच तिच्यावर नाही. त्या मुलाने हात करून दाखवले होते. पण त्याचे बोट कोणत्या दिशेला होते, हे आम्हां दोघांपैकी कोणालाही आठवत नाही.